कॅराव्हॅन जरूर घ्या, पण बाजाराच्या घाईने नको

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहिले की मंडळींच्या डोक्यात सध्या काय चालले आहे ते आपोआप कळते. घराचे हप्ते, मुलांच्या ग्रामर स्कूलच्या परीक्षा आणि भारताच्या तिकिटांचे भाव हे आपले कायमचे विषय. गेल्या काही वर्षांत त्यात एकाची भर पडली आहे, ती म्हणजे कॅराव्हॅनची. मोटारीमागे जोडून ओढून न्यायची, आत झोपायला पलंग, ओटा, शेगडी, छोटासा फ्रीज आणि संडास असलेली टूरिंग कॅराव्हॅन. एकदा घेतली की लेक डिस्ट्रिक्ट, पेम्ब्रोकशर, कॉर्नवॉल, स्कॉटलंड कुठेही जा. हॉटेलची कटकट नाही आणि सकाळी आपल्या हातचे पोहे. शिवाय पुण्याहून आई-वडील उन्हाळ्यात आले की त्यांच्या पथ्याचा प्रश्नही सुटतो. कल्पना उत्तम आहे, तिच्याविरुद्ध मला काहीच म्हणायचे नाही.

मला म्हणायचे आहे ते खरेदीच्या पद्धतीबद्दल. आपल्यापैकी बहुतेक जण कॅराव्हॅन सेकंडहँड घेतात, आणि नेमकी सगळा देश घ्यायला निघालेला असतो त्या वेळी घेतात. २०२० आणि २०२१ सालच्या करोनाच्या काळात हे फार ठळकपणे दिसले. परदेशी जाणे बंद, आणि २३ एप्रिल २०२१ ते ८ ऑगस्ट २०२१ या काळात भारत तर ब्रिटनच्या ‘रेड लिस्ट’वरच होता. भारतवारीसाठी साठवलेले पैसे खात्यात पडून होते आणि मुले घरात कंटाळली होती. मग ते पैसे चार चाकांच्या मागे दोन चाके जोडण्यात गेले. ती लाट पुढे ओसरली, पण तिची छोटी आवृत्ती दर वर्षी येते. फेब्रुवारीत बर्मिंगहॅमच्या एन.ई.सी.मध्ये कॅराव्हॅनचे प्रदर्शन भरते, ईस्टर जवळ येतो, थोडे ऊन पडते आणि चांगल्या जुन्या कॅराव्हॅनच्या जाहिराती दोन-दोन दिवसांत उतरू लागतात. विकणारा सांगतो, “संध्याकाळी आणखी एक पार्टी येणार आहे.” आणि आपला माणूस पाकिटात हात घालतो.

आपल्याकडे म्हण आहे, गरजवंताला अक्कल नसते. बाजारात मागणी वाढली की आपण सगळेच गरजवंत होतो, किंवा निदान तसे वाटू लागते. माझे म्हणणे एवढेच, की मागणी चढी असताना तपासणी कमी नव्हे तर जास्त करायला हवी. ती करायला सवड मिळत नसेल तर ती कॅराव्हॅन सोडून द्यावी, मग ती दिसायला कितीही छान असो.

हे मी नुसते सावधगिरीच्या हौसेने म्हणत नाही, त्यामागे साधे कारण आहे. ज्या वर्षी गिऱ्हाइकांची रांग लागते त्या वर्षी विकणारेही वाढतात. एरवी परसात ताडपत्रीखाली पडलेल्या, आठ-दहा वर्षे न हललेल्या, पावसाळी डागांच्या कॅराव्हॅन धुऊनपुसून बाहेर काढल्या जातात, कारण आता काहीही खपेल हे त्यांच्या मालकांना कळलेले असते. बाजार मंद असताना असला माल कोणी बघायलाही जात नाही. म्हणजे भाव चढतो आणि त्याच वेळी मालाची सरासरी प्रत उतरते. आपण मात्र नेमक्या त्याच वेळी तपासणीला काट मारतो. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे, आणि आमच्याकडेही हे नेहमी घडते. मुदत जवळ आली की पहिली कात्री चाचणीला लागते. चाचणी केली नाही म्हणून दोष नाहीसे होत नाहीत. ते फक्त आपल्या टेबलावरून गिऱ्हाइकाच्या टेबलावर जातात. सेकंडहँड कॅराव्हॅनच्या व्यवहारात ते गिऱ्हाईक आपणच असतो.

कायद्याचे छत्र इथे किती तोकडे आहे, हेही आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसते. मोटार घेताना आपल्याला डी.व्ही.एल.ए.च्या नोंदीची आणि वार्षिक एम.ओ.टी.ची सवय झालेली असते. टूरिंग कॅराव्हॅनला यातले काहीच नाही. तिला स्वतःचा नंबर नसतो, ओढणाऱ्या मोटारीचाच नंबर मागे लावायचा. एम.ओ.टी. नाही, रोड टॅक्स नाही. ऐकायला हे स्वस्त आणि सुटसुटीत वाटते. पण त्याचा अर्थ असाही होतो की ब्रेक, टायर आणि सांगाडा ठीक आहेत की नाहीत हे कोणाही तिऱ्हाइताने सक्तीने तपासलेले नसते.

नोंदणीसाठी १९९२ पासून ‘क्रिस’ नावाची योजना आहे, ती नॅशनल कॅराव्हॅन कौन्सिल या धंद्यातल्या संघटनेने सुरू केली. ब्रिटिश बनावटीच्या बहुतेक कॅराव्हॅनला तिच्यामार्फत सतरा अक्षरांचा व आकड्यांचा ओळख क्रमांक मिळतो. तो चासीवर असतो आणि खिडक्यांवर कोरलेला असतो. पैसे देण्यापूर्वी हा क्रमांक देऊन थोड्या शुल्कात चौकशी करता येते, की कॅराव्हॅन चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, तिच्यावर कर्ज आहे का, विमा कंपनीने तिला निकालात काढले आहे का. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, क्रिसच्या कागदावर ज्याचे नाव असते तो तिचा नोंदलेला ताबेदार असतो. तो कागद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून विकणाऱ्याकडून मूळ खरेदीची पावती मागावी. दोन, युरोपातून आणलेल्या काही कॅराव्हॅन या नोंदणीत नसतातच. एखाद्या खिडकीवरचा क्रमांक खरवडलेला दिसला, किंवा चासीवरच्या क्रमांकाशी जुळला नाही, तर पुढे बोलणीच करू नयेत.

कर्जाची चौकशी एवढी महत्त्वाची का, तेही सांगतो. हप्त्यावर घेतलेली मोटार मालकाने कर्ज न फेडता विकली आणि आपण ती अजाणतेपणी, सद्‌हेतूने घेतली, तर १९६४ च्या हायर पर्चेस कायद्याने खाजगी खरेदीदाराला संरक्षण मिळते. पण त्या कायद्यात ‘मोटार’ म्हणजे स्वतःच्या यंत्रशक्तीने चालणारे वाहन. टूरिंग कॅराव्हॅनला इंजिन नाही, म्हणून ती त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे कर्ज देणारी कंपनी दारात उभी राहिली तर कॅराव्हॅनही जाऊ शकते आणि दिलेले पैसेही. दहा-पंधरा हजार पौंडांची वस्तू आणि तिच्यासाठी मोटारीइतकेही संरक्षण नाही! एवढ्या एका गोष्टीसाठी तरी क्रिसची चौकशी कधीही टाळू नये.

आता कोणाकडून घ्यावी? मागणीच्या काळात व्यापाऱ्याकडचे भाव डोळ्यांत येतात आणि खाजगी विक्रेता स्वस्त वाटतो. पण भावातल्या त्या फरकात काहीतरी विकत मिळत असते. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला २०१५ चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो. माल सदोष निघाला तर पहिल्या तीस दिवसांत तो परत करून पूर्ण पैसे मागता येतात, आणि पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असे धरले जाते. तसा नव्हता हे व्यापाऱ्याने सिद्ध करायचे. ‘आहे तशी विकली’ अशी पाटी लावून त्याला यातून सुटता येत नाही. शिवाय पैशाचा काही भाग जरी क्रेडिट कार्डाने दिला, तरी शंभर पौंडांपेक्षा जास्त आणि तीस हजार पौंडांपर्यंत किमतीच्या वस्तूसाठी १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याखाली कार्ड कंपनीही जबाबदार राहते. खाजगी विक्रीत यातले जवळजवळ काहीच नाही. वर्णनाप्रमाणे वस्तू असावी आणि विकणाऱ्याला ती विकण्याचा अधिकार असावा, एवढेच. तेव्हा खाजगी व्यवहार करायचा तर जे विचाराल त्याची उत्तरे लेखी घ्या, मग ती फोनवरच्या संदेशात का असेनात. “ओलावा कधी आला होता का?” या प्रश्नाचे लेखी ‘नाही’ पुढे फार कामाला येते.

ओलावा हा कॅराव्हॅनचा खरा शत्रू. बाहेरचा पत्रा किंवा फायबर, आतली प्लायवुड आणि मध्ये बहुतेक जुन्या बनावटीत लाकडी सांगाडा. जोडांवर लावलेले लांबीसारखे सील काही वर्षांनी सुकते. मग छताची खिडकी, कोपरे आणि तंबू अडकवायची पट्टी यांमधून पाणी थेंबाथेंबाने आत शिरते आणि बाहेरून काहीही न दिसता लाकूड कुजत जाते. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. धंद्यातली ढोबळ मोजणी अशी, की १५ टक्क्यांपर्यंत ठीक, १५ ते २० असेल तर नजर ठेवावी, २० च्या वर दुरुस्तीची गरज समजावी आणि ३० च्या वर लाकडी सांगाड्यालाच इजा झाली असण्याची शक्यता धरावी. यंत्र नसेल तरी नाक आणि अंगठा आहेतच. दार उघडताच येणारा वास घ्या. अत्तराचा फवारा नुकताच मारलेला असेल तर संशय घ्या. बसायच्या जागांखालचे कप्पे उघडून कोपरे अंगठ्याने दाबा. जमीन पायाखाली मऊ लागते का, करकरते का ते पाहा. आणि शक्य तर पावसाच्या दिवशी बघायला जा. या देशात त्यासाठी फार थांबावे लागत नाही!

मंडळातल्या एका कुटुंबाची हकीकत त्यांच्या संमतीने, नावाशिवाय, सांगतो. नवरा इस्पितळात रात्रपाळी करणारा, बायको शाळेत मदतनीस. २०२१ च्या वसंतात भारतात जाणे होणार नाही हे नक्की झाल्यावर त्यांनी तिकिटांसाठी साठवलेले पैसे आणि वर थोडे कर्ज घालून खाजगी विक्रेत्याकडून कॅराव्हॅन घेतली. पाहणी पंधरा मिनिटांची झाली, कारण दुसरे गिऱ्हाईक ‘वाटेवर’ होते. उन्हाळा आनंदात गेला. ऑक्टोबरात पुढच्या भिंतीवर काळे ठिपके दिसले आणि दमा असलेल्या त्यांच्या मुलीला आत झोपले की खोकला येऊ लागला. मोजणी केली तेव्हा पुढची भिंत ३० च्या वर होती. दुरुस्तीचा अंदाज त्यांना झेपणारा नव्हता, म्हणून दिलेल्या किमतीच्या निम्म्यालाही न पोहोचणाऱ्या भावात ती विकली, दोष लेखी सांगून. कर्जाचे हप्ते मात्र चालू राहिले, आणि आजीला भेटायची वारी आणखी एक वर्ष पुढे गेली.

मी ही हकीकत त्यांना नावे ठेवायला सांगत नाही. त्यांच्या जागी आपल्यापैकी कोणीही असते. पण ज्या दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी त्यांनी घाई केली ते खरोखर वाटेवर होते की नव्हते, हे आजही त्यांना माहीत नाही. आणि समजा असते, तर काय बिघडले असते? ती कॅराव्हॅन दुसऱ्याच्या दारात गेली असती, एवढेच.

आरोग्याच्या सदरात लिहितो आहे म्हणून आणखी दोन शब्द. बुरशी ही फक्त भिंतीची बाब नव्हे. लहान मुले, दमेकरी आणि आपल्याकडे पाहुणे म्हणून येणारी वृद्ध मंडळी यांना बंद, दमट खोलीत झोपवणे वाईटच. दुसरी गोष्ट गॅसची. शेगडी, हीटर आणि बऱ्याचदा फ्रीजही गॅसवर चालतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. तेव्हा चालू स्थितीतला अलार्म हवाच. जमिनीतली आणि छतातली हवा खेळती ठेवणारी झडपे थंडी वाजते म्हणून कापड कोंबून बंद केलेली नाहीत ना, हे पाहा, आणि आपणही ती कधी बंद करू नका. गॅसच्या नळीवरची तारीख वाचा. शेवटची सर्व्हिस कोणी, कधी केली त्याचा कागद मागा. मान्यताप्राप्त वर्कशॉपची यादी करणारी ‘अप्रूव्ड वर्कशॉप’ योजना १९९९ पासून चालू आहे. तिथला किंवा घरी येणारा मान्यताप्राप्त माणूस खरेदीपूर्वी ओलावा, गॅस आणि ब्रेक तपासून लेखी अहवाल देऊ शकतो. त्याची फी कॅराव्हॅनच्या किमतीपुढे फार मोठी नसते. विकणारा या तपासणीला नकार देत असेल, तर अहवाल न मागवताच मिळाला असे समजावे.

टायरवर नक्षी भरपूर दिसते म्हणून फसू नये. कॅराव्हॅनचे टायर झिजून नव्हे, उभे राहून म्हातारे होतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनी टायर बदलण्याचा विचार सुरू करावा आणि सात वर्षांपुढे वापरू नयेत असा जाणकारांचा सल्ला आहे. स्टेपनीही त्याच नजरेने पाहावी.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, वेग आणि घाई यांतल्या फरकाचा. मागणीच्या बाजारात वेग लागतो हे मी नाकारत नाही. चांगली कॅराव्हॅन आठवडाभर थांबत नाही, हे खरेच आहे. पण वेग पूर्वतयारीतून येतो आणि घाई तयारी नसल्यामुळे होते. जी कामे जाहिरात बघण्यापूर्वी घरात बसून करता येतात ती आधीच उरकली, तर प्रत्यक्ष पाहणीच्या दिवशी पूर्ण दोन तास तपासणीला देता येतात आणि तरीही त्याच दिवशी ‘हो’ म्हणता येते.

ही कामे कोणती? पहिले, परवाना. १ जानेवारी १९९७ नंतर मोटारीची परीक्षा पास झालेल्यांना पूर्वी जड कॅराव्हॅन ओढायला वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये ती अट गेली आणि मोटारीचा पूर्ण परवाना असलेल्याला ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. पण परवाना तुम्हाला मिळाला आहे, तुमच्या मोटारीला नव्हे. म्हणून दुसरे काम वजनाचे. तुमची मोटार किती ओढू शकते ते तिच्या पुस्तिकेत आणि पट्टीवर असते, आणि ती मर्यादा कायद्याची आहे. त्याशिवाय नवशिक्याने कॅराव्हॅनचे कमाल भारासह वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे असा क्लबांचा जुना सल्ला आहे. मोटार १,६०० किलोची असेल तर कॅराव्हॅन १,३६० किलोपर्यंत. आपल्यातले बरेच जण आता कंपनीमार्फत भाड्याने इलेक्ट्रिक मोटारी घेतात. त्यांतल्या कित्येक मोटारींना ओढण्याची परवानगीच नसते, आणि भाड्याच्या मोटारीला टो-बार बसवायला मालक कंपनीची संमती लागते. हे आधी पाहा, नाहीतर दारात कॅराव्हॅन आणि ओढायला बैल नाही अशी गत व्हायची.

वजनाचा आणखी एक आपला असा पैलू आहे. कॅराव्हॅनचे कमाल वजन आणि तिचे रिकामे वजन यांतला फरक म्हणजे आपल्या सामानाची मुभा. ती कित्येकदा दीडशे किलोच्या आसपासच असते. त्यात कॅराव्हॅन जागेवर हलवणारी मोटर बसवलेली असेल तर साधारण तीस किलो तिथेच गेले. मग बॅटरी, तंबू, खुर्च्या, पांघरुणे. उरलेल्या मुभेत आपला प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणे, तांदळाचे पोते आणि ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेले डबे! सहा जणांना झोपवणारी कॅराव्हॅन सहा जणांचे सामान वाहू शकेलच असे नाही.

तिसरे काम जागेचे. नव्या वसाहतींत घराच्या दस्तऐवजातच अंगणात कॅराव्हॅन उभी करायला मनाई असते. मग भाड्याची जागा घ्यावी लागते, आणि चांगल्या सुरक्षित जागांनाही मागणीच्या काळात प्रतीक्षायादी असते. चौथे काम विम्याचे. कॅराव्हॅनचा स्वतंत्र विमा कायद्याने सक्तीचा नाही, पण मोटारीच्या विम्यात कॅराव्हॅनची चोरी किंवा मोडतोड सहसा भरून मिळत नाही. हिच लॉक आणि चाकाचा क्लॅम्प विमावाले मागतात. त्यांचे भाव आधी विचारून ठेवा.

आणि पाचवे, हिशेब. पुढचे आकडे रीत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा, १२,००० पौंडांना घेतलेली कॅराव्हॅन पाच वर्षांनी ७,००० ला विकली. वर्षाला घट १,००० पौंड. जागेचे भाडे ५००, विमा २५०, सर्व्हिस २५०, असे आणखी १,००० पौंड. वर्षात वीस रात्री राहिलात तर एका रात्रीला १०० पौंड पडले, साइटचे भाडे आणि पेट्रोल वेगळे. आता तीच कॅराव्हॅन चढ्या बाजारात १५,००० ला घेतली आणि पुढे बाजार शांत झाल्यावर ७,००० लाच विकली, तर वर्षाचे २,६०० होतात, म्हणजे रात्रीला १३० पौंड. आणि नव्याचे नऊ दिवस संपून वर्षाला दहाच रात्री वापर झाला तर २६०. एवढ्या पैशात बऱ्यापैकी हॉटेलात न्याहारीसह राहता येते. कॅराव्हॅनची हौस करू नये असे नव्हे. हौसेला मोल नसते, पण ते किती देतो आहोत हे माहीत असावे. आपल्या मनात घर आणि सोन्यामुळे एक समजूत पक्की बसली आहे, की भाव चढतो आहे म्हणजे आजच घ्यावे, उद्या आणखी चढेल. कॅराव्हॅन म्हणजे जमीन नव्हे. ती दर पावसाळ्यात झिजते. मागणीने तिची किंमत वाढते, तिचे आयुष्य वाढत नाही.

यावर कोणी म्हणेल, “एवढे करत बसलो तर उन्हाळा निघून जाईल आणि मुले मोठी होतील.” हा आक्षेप मला खरा वाटतो. मुलांचे बालपण बाजार उतरण्याची वाट बघत नाही. पण त्याला खरेदी हा एकच उपाय नाही. पहिल्या उन्हाळ्यात आठवडाभर कॅराव्हॅन भाड्याने घ्या, किंवा साइटवर उभी असलेली घ्या. आपल्या कुटुंबाला ते जगणे मानवते का, आजोबांना रात्री त्या छोट्या संडासात वावरता येते का, पावसात चार माणसे बारा तास एका खोलीत सुखाने राहतात का, हे कळेल. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात खरेदीला निघा. हिवाळाभर जागेचे भाडे भरायचे जिवावर आलेले विक्रेते त्या वेळी बोलायला मऊ असतात, आणि पाऊसही तपासणीला हजर असतो.

पैसे देतानाही शिस्त हवी. कॅराव्हॅन विकणाऱ्याच्या घरी जाऊन पाहावी, पेट्रोल पंपावर किंवा मोटारवेच्या थांब्यावर नव्हे. न पाहिलेल्या कॅराव्हॅनसाठी बयाणा पाठवू नये, मग फोटो कितीही सुंदर असोत आणि भाव कितीही गोड असो. ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून करायला लावलेल्या बँक ट्रान्सफरची ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई देण्याचे बंधन बँकांवर आले आहे, पण त्याला अटी आहेत. शिवाय कॅराव्हॅन खरी असून फक्त खराब निघाली, तर तो नियम उपयोगाचा नाही. बयाणा दिलाच तर कशाच्या अटीवर दिला ते लिहून घ्यावे, “ओलावा अहवाल समाधानकारक आल्यास” एवढे चार शब्द पुरतात. आणि घरून निघतानाच जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा कागदावर लिहून जोडीदाराकडे द्यावा. तिथे उभे राहून तो बदलायचा नाही.

शेवटी एक सूचना मंडळासाठी. आपण भारतात साधा फ्लॅट घेताना दहा जणांना विचारतो, मुलाचे स्थळ बघताना तर वीस. इथे मात्र मोठी खरेदी गुपचूप करून एकदम फोटो दाखवायची रीत पडली आहे. त्यात नुकसान आपलेच आहे. मंडळाने ओलावा मोजायचे एक यंत्र घ्यावे आणि पुस्तकपेटीतल्या पुस्तकांसारखे ते सभासदांना फिरते द्यावे. ज्यांच्याकडे कॅराव्हॅन आहे अशा चार-पाच जणांनी, नव्याने घेणाऱ्याबरोबर पाहणीला एकदा जाण्याची तयारी दाखवावी. ज्याला ती वस्तू घ्यायची नाही त्याच्या डोळ्यांना दोष लवकर दिसतात, आणि “जरा थांब” म्हणायला तो मोकळा असतो. मी स्वतः रविवारी यायला तयार आहे, माझे नाव समितीकडे दिले आहे.

महाराष्ट्रातल्या घाटरस्त्यांवर ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी आपण सगळ्यांनीच वाचली आहे. ती गाडी चालवणाऱ्यासाठी आहे. तीच पाटी गाडीमागची कॅराव्हॅन घेणाऱ्यानेही, सौद्याला निघण्यापूर्वी, एकदा आठवावी.